इंटरनेटवरील सरकारी बंदी आणि नागरिकांची चळवळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेटवरील सरकारी सेन्सॉरशिप म्हणजे नेमके काय?

सरकारने लेखी आदेश काढून, किंवा पुष्कळदा नुसते तोंडी सांगून, इंटरनेटवरील एखादा मजकूर, एखादी सेवा अथवा संपूर्ण इंटरनेटच नागरिकांपर्यंत पोहोचू न देणे, असा तिचा साधा अर्थ आहे. तिची रूपे मात्र वेगवेगळी असतात. एखादे संकेतस्थळ देशभर दिसेनासे होते. समाजमाध्यमावरील एखादे खाते केवळ त्या देशातील वाचकांपुरते झाकले जाते. एखाद्या जिल्ह्यातील मोबाइल डेटा बंद पडतो. किंवा सेवा सुरू ठेवून तिचा वेग इतका घटवला जातो की साधे छायाचित्रही पुढे सरकत नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये संपर्काची सर्व साधने बंद झाली, जानेवारी 2020 मध्ये मोबाइल इंटरनेट परतू लागले ते टूजी वेगाने, आणि संपूर्ण प्रदेशात फोरजी पूर्ववत होण्यासाठी फेब्रुवारी 2021 उजाडावा लागला. वेग घटवण्याचा हा प्रकार आम्हाला सर्वांत घातक वाटतो, कारण कागदोपत्री सेवा सुरूच असते आणि तक्रार करणाऱ्यालाच आपले म्हणणे सिद्ध करत बसावे लागते.

बंदी प्रत्यक्षात अमलात कशी आणली जाते?

सरकार स्वतः सहसा काही बंद करत नाही. ते इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना तसे सांगते. कंपनीकडे तीन-चार मार्ग असतात. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची यंत्रणा असते. तिच्याकडून मुद्दाम चुकीचे उत्तर देणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे तो अंकी पत्ताच अडवणे. तिसऱ्या मार्गात, जोडणी सुरू होताना ब्राउझर ज्या संकेतस्थळाचे नाव उघडपणे पाठवतो ते वाचून जोडणी मध्येच तोडली जाते. अधिक महागड्या यंत्रणा वाहत्या माहितीची छाननी करून विशिष्ट सेवा ओळखतात आणि अडवतात.

यांपैकी कोणताही मार्ग नेमका नसतो, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पाकिस्तानच्या सरकारी दूरसंचार कंपनीने फेब्रुवारी 2008 मध्ये देशांतर्गत यूट्यूब अडवण्यासाठी जी मार्गसूचना (माहिती कोणत्या वाटेने न्यायची हे इतर जाळ्यांना सांगणारी सूचना) तयार केली ती चुकून देशाबाहेर पसरली आणि जगाच्या मोठ्या भागात सुमारे दोन तास यूट्यूब दिसेनासे झाले. रशियाने एप्रिल 2018 मध्ये टेलिग्राम बंद करण्याच्या प्रयत्नात ॲमेझॉन आणि गूगल यांच्या क्लाउड सेवांचे लाखो अंकी पत्ते अडवले. टेलिग्राम बहुतांशी चालूच राहिले, पण त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक सेवा कोलमडल्या. जून 2020 मध्ये ती बंदी मागे घ्यावी लागली. एका संकेतस्थळापुरती म्हणून घातलेली बंदी तेवढ्यापुरतीच राहील, असे आश्वासन कोणी देत असेल तर या दोन घटना त्याच्यापुढे ठेवाव्यात.

एखादे संकेतस्थळ उघडत नाही, म्हणजे त्यावर बंदीच आली असे समजावे का?

नाही. सर्व्हर बंद पडलेला असू शकतो, नावनोंदणीची मुदत संपलेली असू शकते, किंवा समुद्राखालची केबल तुटलेली असू शकते. घाईने ‘बंदी आली’ असे जाहीर करणे आणि दुसऱ्या दिवशी ते संकेतस्थळ सुरळीत दिसणे, यामुळे चळवळीची विश्वासार्हता जेवढी जाते तेवढी विरोधकांच्या टीकेनेही जात नाही. म्हणून आधी तेच संकेतस्थळ दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवरून, दुसऱ्या गावातून आणि शक्य झाल्यास दुसऱ्या देशातून उघडून पाहावे. एका कंपनीच्या जोडणीवर अडते, दुसरीवर उघडते आणि परदेशातून तर नेहमीच उघडते, असे चित्र दिसले की संशयाला आधार मिळतो.

या कामासाठी ओनी हा खुला प्रकल्प 2012 पासून चालू आहे. त्याचे ‘ओनी प्रोब’ हे ॲप संकेतस्थळांची यादी तपासते, अडथळा डीएनएसच्या पातळीवर आहे की जोडणीच्या, हे नोंदवते आणि ते निष्कर्ष सर्वांसाठी खुले करते. तपासायच्या याद्या स्वयंसेवकच वाढवतात, त्यामुळे आपल्या भाषेतील वृत्तस्थळे आणि संघटनांची संकेतस्थळे यादीत नसतील तर ती सुचवणे हेदेखील महत्त्वाचे काम आहे. मात्र अशी चाचणी आपल्या जोडणीवरून, आपल्या नावावरच्या सिमकार्डावरून होते आणि काही देशांत तीसुद्धा संशयास्पद मानली जाऊ शकते, हे लक्षात घेऊनच ती करावी.

आम्ही स्वतः नोंद ठेवायची तर ती कशी ठेवावी?

आमच्या मते चळवळीचे खरे काम इथे सुरू होते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत. घोषणा विरतात, पडद्याची छायाचित्रे फोनमधून पुसली जातात, आणि सहा महिन्यांनी न्यायालयात सरकारी वकील जेव्हा ‘अशी कोणतीही बंदी नव्हती’ असे सांगतो तेव्हा समोर ठेवायला काहीच उरत नाही.

एक साधी वही किंवा तक्ता पुरतो. त्यात तारीख आणि वेळ लिहावी, तीही मिनिटापर्यंत, कारण कंपनीला मिळालेल्या आदेशातील वेळेशी तिचा मेळ घालावा लागतो. गाव, तालुका आणि कंपनीचे नाव लिहावे. मोबाइल डेटा होता की घरातील ब्रॉडबँड, हे वेगळे नोंदवावे, कारण अनेक आदेश फक्त मोबाइल डेटापुरते असतात. संकेतस्थळाचा पत्ता सुरुवातीच्या अक्षरापासून शेवटपर्यंत जसाच्या तसा उतरवावा. संपूर्ण संकेतस्थळ अडले आहे की त्यातील एकच पान, हे त्यावरून ठरते. पडद्यावर आलेला संदेश शब्दशः लिहावा: ‘सरकारच्या आदेशानुसार’ असे सांगणारी सूचना आली, जोडणी तुटल्याचा इशारा आला, की पान नुसतेच फिरत राहिले? पडद्याचे छायाचित्र घेताना वरची वेळ आणि जोडणीचे चिन्ह कापू नये. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि मिळालेले उत्तर त्याच नोंदीखाली ठेवावे. ‘वरून आदेश आहे’ असे एखाद्या उत्तरात लेखी आले तर तो कागद फार मोलाचा ठरतो.

या नोंदीतून माणसांची नावे आणि फोन क्रमांक वगळावेत. नोंद ठेवणाऱ्याची ओळख हवीच असेल तर ती वेगळ्या ठिकाणी, मोजक्या लोकांपुरती ठेवावी.

भारतात याला आणखी एक संदर्भ आहे. इंटरनेट बंदीविषयी संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर 2021 मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशातील बंदींची केंद्रीय नोंद ना दूरसंचार विभागाकडे होती ना गृह मंत्रालयाकडे, हे समोर आले. जी मोजदाद आज उपलब्ध आहे ती नागरी संघटनांनी वृत्तपत्रांतील बातम्या, स्थानिकांची माहिती आणि माहिती अधिकाराचे अर्ज यांतून जमवलेली आहे.

बंदीचा आदेश पाहायला मिळतो का?

मिळायला हवा, बहुतेक देशांत सहजासहजी मिळत नाही. ‘आदेश दाखवा’ ही मागणी चळवळीने कधीही सोडू नये असे आम्हाला वाटते, कारण आदेश हाती आल्याखेरीज तो कोणी काढला, कोणत्या कलमाखाली काढला आणि त्याला कारण काय दिले, यांपैकी कशालाच आव्हान देता येत नाही.

भारताचेच उदाहरण घेऊ. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली केंद्र सरकार संकेतस्थळे अडवू शकते आणि 2009 च्या नियमांतील नियम 16 हा तक्रारी व त्यांवरील कारवाई गोपनीय ठेवण्यास सांगतो. श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरील आक्षेपार्ह संदेशांना गुन्हा ठरवणारे कलम 66अ रद्द केले, पण 69अ कायम ठेवले; ते ठेवताना आदेशात कारणे लेखी द्यावी लागतात आणि त्यामुळे त्याला न्यायालयात आव्हान देता येते, हे न्यायालयाने आधारभूत मानले. तरीही नियम 16 कडे बोट दाखवून प्रती नाकारल्या जात राहिल्या. हुंड्याच्या प्रथेची खिल्ली उडवणारे एक उपहासात्मक संकेतस्थळ असेच अडवले गेले होते; ते तयार करणाऱ्याला आदेशाची प्रत द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे सांगण्यासाठी मे 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. इंटरनेट सेवाच खंडित करण्याबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात 10 जानेवारी 2020 रोजी स्पष्ट केले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी घालता येणार नाही. हा निकाल अनेक ठिकाणी पाळला जात नाही, आणि नेमकी तीच गोष्ट लेखी अर्ज करून पटलावर आणायची असते: जिल्हा प्रशासन व गृह विभाग यांच्याकडे आदेशाची प्रत, असे आदेश तपासणाऱ्या पुनर्विलोकन समितीच्या बैठकीची तारीख आणि तिचा निर्णय मागावा, आणि नकार आला तर तोही जपून ठेवावा.

व्हीपीएन वापरले की प्रश्न मिटत नाही का?

व्हीपीएन म्हणजे आपली जोडणी दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे वळवून बंदी चुकवणारे साधन. ते वापरणाऱ्याचा प्रश्न काही काळ मिटतो, बंदी मात्र तशीच राहते. अशाच दुसऱ्या एका पळवाटेचे उदाहरण घेऊ. तुर्कस्तानात मार्च 2014 मध्ये ट्विटरवर बंदी आली तेव्हा ती सुरुवातीला डीएनएसच्या पातळीवर होती. लोकांनी गूगलच्या खुल्या डीएनएसचा 8.8.8.8 हा पत्ता एकमेकांना सांगितला, इतकेच काय, भिंतींवर रंगवला. ही नागरिकांची कल्पकता मनापासून दाद द्यावी अशीच होती. पण काही दिवसांतच सरकारने तो मार्गही रोखला. बंदी उठली ती 2 एप्रिलला घटनात्मक न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारी ठरवल्यानंतर.

शिवाय व्हीपीएन संपूर्ण इंटरनेट बंद असताना चालत नाही, आणि ज्याच्याकडे साधा फोन आहे किंवा ज्याला ते बसवता येत नाही त्याच्या काहीच उपयोगाचे नाही. फुकट मिळणारी अनेक व्हीपीएन ॲप वापरणाऱ्याचीच माहिती गोळा करतात. म्हणून ते तात्पुरते साधन मानावे.

ही साधने वापरणे किंवा शिकवणे बेकायदा आहे का?

हे देशावर अवलंबून आहे. काही देशांत व्हीपीएनवर बंधने किंवा परवान्याची अट आहे; भारतात ते वापरणे सर्वसाधारणपणे बेकायदा नाही, मात्र 2022 मध्ये निघालेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपणे बंधनकारक झाले आणि त्यानंतर काही कंपन्यांनी आपले सर्व्हर देशाबाहेर हलवले. स्थानिक प्रशासन तात्पुरत्या आदेशाने वापरावर बंदी घालू शकते, म्हणून प्रशिक्षण घेण्यापूर्वी त्या जिल्ह्यातील चालू आदेश वकिलाकडून तपासून घ्यावेत. दुसऱ्याला धोक्यात घालणारा सल्ला देण्यापेक्षा ‘मला विचारून सांगावे लागेल’ हे उत्तर कधीही चांगले.

बंदी असलेल्या प्रदेशाबाहेरून कोणी मदत करू शकते का?

होय, आणि त्यासाठी फार साधने लागत नाहीत. इजिप्तमध्ये जानेवारी 2011 च्या अखेरीस जवळजवळ सर्व इंटरनेट तोडले गेले, तेव्हा एका लहानशा फ्रेंच सहकारी सेवेने आपल्या जुन्या डायल-अप जोडणीचा क्रमांक इजिप्तमधील लोकांसाठी मोफत खुला केला. दूरध्वनीच्या तारा चालू होत्या, त्यांवरून काही जण तरी बाहेर पोहोचले. आज, ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या टोर प्रकल्पाचे ‘स्नोफ्लेक’ हे जोडसाधन ब्राउझरमध्ये बसवले तर तुमची जोडणी बंदीखालील माणसासाठी वाटाड्याचे काम करते. इराणमध्ये सप्टेंबर 2022 पासून निर्बंध कडक झाले तेव्हा याचा वापर मोठ्या प्रमाणात वाढला. बाहेर राहणाऱ्यांनी आणखी एक काम करावे: अडवलेल्या मजकुराच्या प्रती मूळ लेखकाच्या परवानगीने जपाव्यात.

न्यायालयात जाण्याचा उपयोग होतो का? आणि तेवढे बळ आमच्याकडे कुठून येणार?

होतो, आणि अनेकदा तो लहान संघटनांनीच करून दाखवला आहे. झिंबाब्वेमध्ये जानेवारी 2019 मध्ये इंटरनेट बंद झाले. वकिलांची एक संघटना आणि माध्यमस्वातंत्र्यासाठी काम करणारी एक संस्था उच्च न्यायालयात गेल्या, आणि ज्या मंत्र्याने निर्देश दिला त्याला तो अधिकारच नव्हता, या मुद्द्यावर बंदी कोसळली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मोठ्या चर्चेआधीच खटला संपला. त्यामुळे आदेश हाती आल्यावर सर्वप्रथम सही कोणाची आहे ते पाहावे. पश्चिम बंगालमध्ये मार्च 2022 मध्ये शालान्त परीक्षेच्या वेळी कॉपी रोखण्यासाठी काही भागांत इंटरनेट बंद ठेवण्याचा आदेश निघाला आणि जनहित याचिकेवर कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

सुदानमधील प्रसंग याचिका लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. जून 2019 मध्ये तिथे इंटरनेट तोडल्यावर एका वकिलाने मोबाइल कंपनीविरुद्ध स्वतःच्या नावाने दावा केला आणि तो जिंकला, पण दावा वैयक्तिक असल्याने न्यायालयाच्या आदेशानुसार जोडणी फक्त त्याच्या एकट्याची सुरू झाली. सर्वांसाठी सेवा सुरू व्हावी म्हणून पुढे वेगळा लढा द्यावा लागला. मागणी कोणासाठी आहे हे याचिकेच्या पहिल्याच पानावर स्पष्ट असले पाहिजे.

पैशांचे बळ नसेल तर स्थानिक वकील संघटनेकडे, विधी महाविद्यालयाच्या सल्ला केंद्राकडे किंवा डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांकडे जावे. 2016 पासून ‘कीप इट ऑन’ या नावाने जगभरातील संघटना बंदीविरुद्ध एकत्र काम करत आहेत. त्यांना तुमच्याकडून भाषणे नको असतात, वर सांगितलेली नोंद हवी असते.

अफवा आणि दंगली रोखण्यासाठी, किंवा मुलांच्या सुरक्षेसाठी बंदी आवश्यक नाही का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तसेच द्यायला हवे. मुलांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये किंवा हिंसेला थेट चिथावणी यांना संरक्षण द्यावे असे आमचे म्हणणे नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम 19 निर्बंधांना मुभा देते. निर्बंध कायद्याने घातलेला असावा, मान्य उद्दिष्टासाठी आवश्यक असावा आणि त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात असावा, एवढीच अट आहे. बेमुदत बंदी आणि गुप्त याद्या या अटीत बसत नाहीत.

ऑस्ट्रेलियात मुलांच्या संरक्षणासाठी म्हणून सर्वांच्या इंटरनेटला, ठरावीक संकेतस्थळे अडवणारी सक्तीची चाळणी लावण्याची योजना होती. 2009 मध्ये तेथील नियामकाची म्हणून जी यादी फुटली तिच्यात एका दंतवैद्याचे संकेतस्थळही निघाले. त्या दंतवैद्याला आपण यादीत आहोत हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. पुढे विरोध वाढत गेला आणि नोव्हेंबर 2012 मध्ये सरकारने ती योजना सोडून दिली.

अफवांबाबत एवढेच म्हणावेसे वाटते की इंटरनेट बंद केल्याने अफवा तोंडी पसरायची थांबत नाही. पडताळणी करणारा पत्रकार, खुलासा करणारा पोलीस अधिकारी आणि घरच्यांना ‘मी सुखरूप आहे’ असे कळवू पाहणारा माणूस मात्र थांबतो.

मी राजकारणात नाही. माझा याच्याशी काय संबंध?

रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी आज मोबाइल ॲपवर नोंदवली जाते आणि शिधावाटप दुकानात अंगठ्याची पडताळणी इंटरनेटवरून होते. जाळे बंद झाले की सर्वांत आधी ज्यांची मजुरी आणि धान्य अडकते, त्यांपैकी बहुतेकांनी कोणतीही राजकीय नोंद कधी लिहिलेली नसते.

कॅमेरूनमध्ये जानेवारी 2017 पासून इंग्रजीभाषक प्रदेशांचे इंटरनेट 93 दिवस बंद होते. तेथील तरुण संगणक उद्योजकांनी बंदीच्या सीमेपलीकडील बोनाको या गावात एक खोली भाड्याने घेतली, तिथे मोडेम बसवले आणि ते रोज प्रवास करून काम करू लागले. लोक त्या खोलीला ‘इंटरनेट निर्वासितांची छावणी’ म्हणू लागले. ‘आमचे इंटरनेट परत द्या’ ही त्यांची हाक जगभर पोहोचली, याचे एक कारण असे की तिच्यामागे बुडणारे धंदे आणि अडकलेली कामे यांचे ठोस तपशील होते.

कंपन्यांवर दबाव आणता येतो का?

काही प्रमाणात येतो. मोठ्या कंपन्या सरकारी मागण्यांचे पारदर्शकता अहवाल काढतात; त्यांत आपल्या देशाची आकडेवारी पाहावी आणि ती आपल्या भाषेत सोपी करून मांडावी. खाते किंवा मजकूर झाकला गेल्यास कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या विभागाच्या सांगण्यावरून, हे कंपनीला लेखी विचारावे. दूरसंचार कंपन्या परवान्याला बांधलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्याकडून धाडसाची अपेक्षा ठेवू नये; निदान बंदीची सूचना ग्राहकाला स्पष्ट शब्दांत मिळावी, एवढी मागणी रास्त आहे.

रस्त्यावरचे आंदोलन करावे का?

ते स्थानिक लोकांनीच ठरवावे, धोका त्यांनाच पत्करायचा असतो. मॉस्कोत 30 एप्रिल 2018 रोजी हजारो लोक जमले आणि त्यांनी टेलिग्रामचे चिन्ह असलेली कागदी विमाने उडवली. मागणी एका दृष्टिक्षेपात कळत होती आणि सहभाग कोणालाही शक्य होता. नेपाळमध्ये 4 सप्टेंबर 2025 रोजी सरकारने 26 समाजमाध्यमे बंद करण्याचा निर्णय घेतला. 8 सप्टेंबरला तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, त्या एका दिवसात किमान 19 जणांचा मृत्यू झाला आणि त्याच रात्री बंदी उठवली गेली. आंदोलन पुकारणाऱ्यांनी वैद्यकीय मदत, वकिलांचे क्रमांक आणि इंटरनेट तुटल्यावर एकमेकांना गाठण्याची पद्धत आधी ठरवावी, मग तारीख जाहीर करावी.

बंदी उठली. आता मोहीम थांबवावी का?

थांबवू नये. बंदी उठताच ‘आता याचिकेत काही उरले नाही’ असा युक्तिवाद सरकारकडून हमखास केला जातो आणि अनेक खटले तिथेच निकाली निघतात. म्हणून सेवा पूर्ववत करण्याच्या मागणीबरोबरच, घातलेली बंदी बेकायदा होती असे जाहीर करण्याची आणि पुढील आदेश प्रसिद्ध करण्याचे बंधन घालण्याची मागणी याचिकेत पहिल्यापासून असावी. कॅमेरूनमध्ये एप्रिल 2017 मध्ये परतलेले इंटरनेट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा तुटले. टोगोमध्ये सप्टेंबर 2017 मध्ये झालेल्या बंदीविरुद्ध मानवी हक्क संघटनांनी आणि इतर अर्जदारांनी पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या इकोवास न्यायालयात दाद मागितली. सेवा केव्हाच सुरू झाली होती, तरी त्यांनी खटला सोडला नाही. जून 2020 मध्ये न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली, अर्जदारांना भरपाई देण्यास सांगितले आणि असे पुन्हा घडू नये यासाठी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणारे कायदे करण्याचा आदेश टोगो सरकारला दिला.